अलॉय व्हीलचा जुना रंग काढताना घ्यायची काळजी

चाकावरचा लॅकर सोलवटला, त्याखाली पांढरे फुगे आले की जुना थर काढून चाक नव्याने रंगवतात. चिंचपाड्यासारख्या महामार्गालगतच्या गावात हे काम गॅरेजात होते, हल्ली घरच्या ओट्यावरही. पावसाळ्यात मात्र शटर ओढून आत काम चालते आणि खरा धोका तिथेच आहे.

अनेक पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन (मिथिलीन क्लोराइड) असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते, म्हणजे चाकाजवळ उकिडवे बसलेल्या माणसाच्या नाकाशीच. तिने गुंगी येते. शिवाय शरीरात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तेव्हा पल्स ऑक्सिमीटर 98 दाखवत असला तरी निर्धास्त राहू नका. डोके दुखणे, चक्कर, मळमळ किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर लगेच मोकळ्या हवेत या. हृदयविकार असलेल्यांनी हे काम करूच नये. तोंडावरचा रुमाल किंवा साधा मास्क ही वाफ अडवत नाही, पातळ नायट्राइल हातमोज्यांतूनही हे रसायन काही मिनिटांत आत शिरते. कोणी आत बेशुद्ध दिसला तर धावत आत जाऊ नका. आधी शटर उघडा, 108 ला फोन करा.

औषध अंगावर उडाले तर कपडे काढून 15 ते 20 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तरी हेच, मग दवाखाना. हळद, टूथपेस्ट, खोबरेल काही लावू नका.

चाक चकाकवणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते फसवे आहे. सुरुवातीला त्वचा ठीक दिसते, काही तासांनी असह्य ठणका लागतो. ते रक्तातले कॅल्शियम कमी करून हृदयाची लय बिघडवू शकते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावतात. म्हणून दुखत नसले तरी या, आणि बाटली सोबत आणा. लेबल वाचल्याशिवाय आम्हालाही उपचार ठरवता येत नाहीत.

रिमूव्हर टाळून ग्राइंडरला तारेचा ब्रश लावणार असाल, तर बाजूनेही बंद असलेला चष्मा हवाच. तुटलेली तार थेट बुबुळात रुतते. ती स्वतः काढू नका, डोळा चोळू नका. रंगाच्या धुळीत शिसे असू शकते: 2016 च्या नियमांनी घातलेली 90 पीपीएमची मर्यादा घरगुती व सजावटीच्या रंगांपुरतीच आहे. पाण्याचा पॉलिश पेपर वापरा, लहान मुले आणि गरोदर बाईला लांब ठेवा, आणि ते कपडे वेगळे धुवा.