फुकट पेपरचे पैसे कोण देतं?

नेटवर लिहून पैसे कसे मिळवायचे, यावर सल्ला देणाऱ्यांची काही कमी नाही. जाहिराती लावा, विक्रीवर कमिशन घ्या, वर्गणी ठेवा, देणगी मागा, नाहीतर स्वतःचंच काहीतरी विका. मंडळी, यातला एकही मार्ग नवा नाही. मला तर हे सगळं शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, वाणसामानाच्या दुकानाच्या दारात दिसलं.

पीएचडी करताना महिन्यातून एकदा डाळ-तांदूळ आणायला डेव्हनला जाणं व्हायचं. शिकागोच्या उत्तर भागातला हा रस्ता. त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असं मानाचं नाव आहे, दुसऱ्याला जिनांचं आणि तिसऱ्याला गोल्डा मेयर यांचं! तर, दुकानाच्या दारात भारतीय साप्ताहिकांचे गठ्ठे पडलेले असायचे. फुकट. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर एक उचलायचा. पानं उलटली की सोन्याचे दागिने, व्हिसाचं काम करणारे वकील, विमानाची तिकिटं, ज्योतिषी. मध्येमध्ये बातम्या. कोणत्या दुकानाची जागा महाग आहे ते कुठेही छापलेलं नसायचं, पण कोणाच्या उद्घाटनाचा फोटो पहिल्या पानावर आला त्यावरून अंदाज यायचा.

म्हणजे पेपरचे पैसे मीच देत होतो, फक्त डाळीच्या पिशवीतून.

ही युक्ती जुनी. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे यांनी 'सन' हा पेपर एका सेंटला विकायला काढला. तेव्हा इतर पेपर सहा सेंटला होते. एका सेंटमध्ये काय भागणार? पण खप वाढला की जाहिरातदार येतात हे त्यांनी ओळखलं होतं. वाचक हा गिऱ्हाईक न राहता माल झाला तो इथपासून. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं होतं. एक रकाना मराठी, एक इंग्रजी. ते १८४० मध्ये बंद पडलं. मुंबईत तेव्हा मराठी वाचणारे मोजके, आणि मराठीत जाहिरात देणारे त्याहून मोजके.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात आवडतो तो मात्र नांगराचा किस्सा. शिकागोपासून गाडीने पश्चिमेला तीनेक तासांवर मोलीन नावाचं गाव आहे, जॉन डिअर कंपनीचं. या नांगर बनवणाऱ्या कंपनीने १८९५ साली 'द फरो', म्हणजे नांगराची सरी, नावाचं मासिक शेतकऱ्यांसाठी सुरू केलं. शेतीची माहिती द्यायची, आपोआप कंपनीचं नाव घरात जातं. पंचवीस वर्षांनी, १९२० मध्ये, दुसऱ्या एका नांगरवाल्यांनी किर्लोस्करवाडीत तेच केलं. शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याचं गृहपत्र म्हणून. १९२९ मध्ये तिचं 'किर्लोस्कर' झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगराची जाहिरात करायला निघालेल्या कागदावर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले गेले! मालक माल विकून पोट भरतोय, मग मासिकाला कोणाची खुशामत करायची गरज नाही. अर्थात मालक शंकररावांसारखा असेल तर. एरवी अशा मासिकात मालकाच्या सत्काराचेच फोटो.

याच्या दुसऱ्या टोकाला र. धों. कर्वे. 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९२७ ते १९५३ म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत चालवलं, पदरमोड करून, वर खटले अंगावर घेत. संततिनियमनावर लिहिणाऱ्या मासिकात कोणता सराफ जाहिरात देणार?

आता पुन्हा डेव्हन. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं आपल्यासाठी उघडली, पण शिकलेल्यांसाठी आधी. मफतभाई पटेल १९६८ मध्ये शिकायलाच आले होते. १९७४ मध्ये भावाबरोबर त्यांनी डेव्हनवर दुकान टाकलं, तेच आज देशभर पसरलेलं पटेल ब्रदर्स. शिकागोतच १९७७ मध्ये 'इंडिया ट्रिब्यून' निघालं. दुकानं वाढली की जाहिराती आल्या आणि जाहिराती आल्या की पेपर टिकले. आमची मराठी माणसं शिकून नोकरीतच राहिली. बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक. डेव्हनवर इतकी वर्षं गेलो, मराठी मालकाची पाटी मला एकदाही सापडली नाही. (मराठी माणूस आणि धंदा या विषयावरचे विनोद तुम्हाला पाठ असतीलच, पुन्हा सांगत नाही.) त्यामुळे टोरांटोत निघालेल्या 'एकता'सारख्या त्रैमासिकाला आधार काय तो वर्गणीदारांचा आणि फुकट राबणाऱ्या संपादकांचा. ते अंक मी चाळलेत. त्यात उद्घाटनांचे फोटो जवळजवळ नाहीत, पण घरापासून लांब राहण्याबद्दल जे लिहिलंय तसं फुकट पेपरात मला कधी वाचायला मिळालं नाही.

नेटवरही नेमकं तेच झालं. गूगलची ॲडसेन्स २००३ मध्ये आली. पानावरचा मजकूर यंत्राने वाचायचा आणि त्याला साजेशी जाहिरात चिकटवायची. पण यंत्राला भाषा कळायला हवी, आणि त्या भाषेत जाहिरात देणारा दुकानदार हवा. हिंदीचा नंबर २०१४ च्या अखेरीस लागला, मराठीचा २०१८ मध्ये. मधली पंधरा वर्षं मराठी पानांवर नियमाने या जाहिराती लावताच येत नव्हत्या. त्या पंधरा वर्षांत लोकांनी पाककृती लिहिल्या, किल्ल्यांची वर्णनं लिहिली, परदेशातल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल लिहिलं, आणि एक पैसा मिळाला नाही. परवानगी आली तोवर त्यातले बरेच जण फेसबुकवर गेले होते. तिथे त्यांच्या लेखांच्या खाली-वर जाहिराती होत्याच, फक्त त्यांचे पैसे फेसबुकला जात होते.