शेकरू : संख्येतील दीर्घकालीन बदल

शेकरू (रॅटुफा इंडिका) ही फक्त भारतात आढळणारी मोठी झाडखार. ती महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. वजन साधारण दीड ते दोन किलो. शेपूट धडाहून लांब. मागच्या पायांनी फांदीला लोंबकळून पुढच्या दोन पंजांत फळ धरून खाणारे शेकरू ज्याने पाहिले, तो ते विसरत नाही.

शेकरू क्वचितच जमिनीवर उतरते, त्यामुळे त्याची संख्या झाडांच्या संख्येपेक्षा एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांवर अवलंबून असते. रस्ता, वृक्षतोड किंवा वणव्याने फांद्यांचे हे छत तुटले की एकेकटे राहणारे हे जीव जंगलाच्या तुकड्यातुकड्यांत अडकतात. पिले थोडी होत असल्याने घटलेली संख्या सावकाश भरून येते. डांगच्या जंगलातील फिकट रंगाची उपजात बहुधा कायमची गेली. सह्याद्रीच्या इतक्या जवळची ही हानी फारशी कुणाच्या लक्षातही नाही.

गणना बहुधा घरट्यांवरून होते. एक शेकरू डहाळ्या-पानांची अनेक गोल घरटी बांधते, काही सोडूनही देते. म्हणून नुसत्या घरट्यांच्या आकड्याला शेकरांची संख्या मानणे चूक ठरते. एकाच पट्ट्यात, एकाच पद्धतीने वर्षानुवर्षे केलेली मोजणीच विश्वसनीय.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले. तेथील देवरायांतील जुन्या, उंच झाडांनी शेकराला मोठा आधार दिला आहे. धोक्यातील जातींच्या जागतिक यादीत ही जात ‘कमी चिंतेची’ असली, तरी तिची एकूण संख्या घटती म्हणूनच नोंदलेली आहे.