ईश्वराच्या नावाने की लोकांच्या नावाने? नीती आणि राज्य यांचा आधार

देवाचा धाक नसेल तर माणूस नीतीने का वागेल? रबाळ्याच्या एमआयडीसीतील कंपनीत असो की कॉलेजच्या कट्ट्यावर, आपल्या तरुणांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर धम्मातही आहे आणि संविधानाच्या इतिहासातही. कार्यकर्त्यांना उपयोगी पडावे म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

दैवी अधिकाराचा अर्थ

सत्ता आणि कायदा ईश्वराकडून आला, म्हणून तो पाळलाच पाहिजे, हा दैवी अधिकाराचा सिद्धांत. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच आधारावर राज्य करण्याचा हक्क सांगत असे. आपल्याकडे मनुस्मृतीचा सातवा अध्याय राजा देवांच्या अंशांपासून घडला असे सांगतो, तर पहिला अध्याय चार वर्णांचा उगम ब्रह्म्याच्या मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांत दाखवतो. माणसांनी केलेला नियम माणसांना बदलता येतो. पण तोच नियम देवाचा ठरला की त्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची? अस्पृश्यतेला शतकानुशतके बळ मिळाले ते यातूनच. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले.

बुद्धांचे उत्तर

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातील दोन तरुण बुद्धांना सांगतात की, संघात आल्यामुळे त्यांचे जातभाई त्यांची निंदा करतात आणि स्वतःला ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले म्हणवतात. बुद्ध त्यांना साधी गोष्ट दाखवतात: ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच गर्भवती होतात आणि मुलांना जन्म देतात.

याच सुत्तात राजसत्तेचा उगमही सांगितला आहे. चोरी आणि भांडणे वाढल्यावर लोक एकत्र आले, त्यांनी आपल्यातूनच एक योग्य माणूस निवडला आणि त्याच्या कामाबद्दल त्याला भाताचा वाटा देऊ केला. बहुजनांनी संमत केलेला म्हणून तो ‘महासम्मत’. येथे राजा देवाचा अंश नाही, तो लोकांनी नेमलेला आहे.

नीतीचेही तसेच. पंचशील ही कोणाची आज्ञा नाही. ते शिक्षापद आपण स्वतः ग्रहण करतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मांडले आहे की माणसाने माणसाशी मैत्रीने वागण्याच्या गरजेतून नीती येते. तिला ईश्वराच्या संमतीची गरज नाही.

संविधान सभेतील मतदान

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा झाली. तिची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. अशा शब्दांमुळे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल, असा आक्षेप पट्टम थाणू पिल्लै यांनी घेतला. हृदयनाथ कुंझरू यांनीही विरोध केला. मतदानात दुरुस्तीच्या बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. उद्देशिका ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांनीच सुरू राहिली. ती ईश्वराच्या नावाने नाही, हे सभेने विचारपूर्वक ठरवले.

हे मत आस्तिकांच्या विरोधात नव्हते. कलम २५ प्रत्येकाला श्रद्धेचे स्वातंत्र्य देते. मात्र मूलभूत हक्कांना छेद देणारा कायदा किंवा रूढी कलम १३ नुसार टिकत नाही, मग तिला कितीही पवित्र म्हटले जावो.

आज आपण काय करावे

लोकप्रतिनिधींना पद स्वीकारताना ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन, असे दोन पर्याय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. न्यायालयात साक्ष देतानाही १९६९ च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराचे नाव न घेता दृढकथन करता येते. हा हक्क कोणाची मेहरबानी नाही. तरुणांनी तो माहीत करून घ्यावा आणि वापरावा.

२६ नोव्हेंबरला विहारात उद्देशिका वाचताना पहिल्या शब्दामागचे हे मतदानही सांगितले जावे. देवाच्या नावाने आलेल्या सत्तेला जाब विचारता येत नाही, लोकांच्या नावाने आलेल्या सत्तेला विचारता येतो. पण तो विचारण्याची जबाबदारीही मग आपलीच असते.

जय भीम! नमो बुद्धाय!