भाड्याच्या होडीतलं विज्ञान: वॉलेसचे मलाय बेटांमधले प्रवास



विज्ञानाच्या इतिहासात दुर्बिणीला मान आहे, सूक्ष्मदर्शकाला आहे. भाड्याने घेतलेल्या होडीला नाही. आज तिच्याविषयी बोलायचं आहे. माझा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा हे होडीचं मध्येच काय काढलं, असं कुणाच्याही मनात येईल. त्याचं असं आहे. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९३८ मध्ये एक भेद मांडला. एखादी गोष्ट सापडते कशी हा एक प्रश्न, आणि सापडलेली गोष्ट खरी ठरते कशी हा दुसरा. पहिला प्रश्न इतिहासकाराने पाहावा, दुसरा तत्त्वज्ञाने. भेद उपयोगाचा आहे, शंकाच नाही. पण त्यामुळे होडी, वारा, खलाशी, तांदळाची पोती हे सगळं पहिल्या खोलीत गेलं आणि आम्ही मधलं दार लावून घेतलं. आता दूरच्या बेटांवरचा पुरावा मुळात कुठून गोळा होणार आणि कुठून होणार नाही, हेच जर होडी ठरवत असेल, तर ती दुसऱ्या खोलीतही येऊन बसलेली आहे. एवढंच मला दाखवायचं आहे. उदाहरण घेतो आल्फ्रेड रसेल वॉलेस याचं.

डार्विनला सरकारी जहाज मिळालं होतं, आणि पाठीशी वडिलांचा पैसा होता. वॉलेसकडे दोन्ही नव्हतं. किडे, फुलपाखरं, पक्ष्यांची कातडी जमवायची, लंडनला सॅम्युअल स्टीव्हन्स या दलालाकडे पाठवायची, ती विकून येतील त्या पैशांवर पुढचा मुक्काम करायचा. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं. या काळात तो सुमारे १४,००० मैल फिरला, साठ-सत्तर वेगवेगळे प्रवास केले आणि १,२५,६६० नमुने जमवले. डच टपालाची आगबोट मोठ्या बंदरांवर जायची. पण स्वर्गपक्षी काही मोठ्या बंदरात राहत नाहीत. तिथून पुढे जे मिळेल ते. कधी व्यापाऱ्याच्या गलबतात जागा, कधी भाड्याची होडी, कधी स्वतःची.

सुरुवातीलाच बघा. १८५६ मध्ये त्याला सिंगापूरहून सरळ मकासरला जायचं होतं. तिकडे जाणारं जहाज मिळेना. एका चिनी व्यापाऱ्याचं जहाज बालीला निघालं होतं, त्यात तो बसला. बालीत दोन दिवस काढले, पुढे लोम्बोकला उतरला आणि तिथे मकासरच्या जहाजाची वाट पाहत दोन महिन्यांहून अधिक अडकला. दोन बेटांच्या मधली सामुद्रधुनी चिंचोळी, दोन्हीकडे डोंगर आणि हवामान सारखंच. पण बालीत तांबट आणि सुतार पक्षी, म्हणजे आपल्या ओळखीचे, आशियातले. आणि लोम्बोकला उतरतो तर काकाकुवे! ऑस्ट्रेलियाकडचे पक्षी. प्राण्यांच्या दोन जगांमधली ही सीमा हक्स्लीने १८६८ मध्ये ‘वॉलेस रेषा’ म्हणून ओळखीची केली. खुद्द वॉलेसने लिहून ठेवलं आहे की सरळ जहाज मिळालं असतं, तर आपण बहुधा या बेटांकडे फिरकलोच नसतो. याला योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण जहाज कुठून कुठे जातं हे व्यापारी ठरवतो, वारा ठरवतो. त्यात योगायोग कमी आणि बाजार जास्त.

मग त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो मकासरहून आरू बेटांकडे निघाला. न्यू गिनीच्या जवळ, हजार मैलांवर. तिकडची गलबतं, त्यांना प्राऊ म्हणतात, वर्षातून एकदाच जायची. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेच्या वाऱ्यावर जायचं आणि जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेच्या वाऱ्यावर परत यायचं. मधे यायची सोय नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मलाय भाषेत गलबताच्या प्रमुखाला ‘नाखोडा’ म्हणतात. आपला नाखवा आणि तो एकाच फारसी शब्दाची लेकरं.

हे गलबत सत्तर टनांचं, त्यावर पन्नासएक माणसं. वॉलेसला बांबूची आणि गवताची एक खोपटी मिळाली होती, चार फूट उंचीची. उभं राहता यायचं नाही. आणि हा गृहस्थ म्हणतो, समुद्रावर इतकं सुख मला कधी लाभलं नव्हतं. रंगाचा, डांबराचा, तेलाचा वास नाही. सगळं बांबू, वेत, काथ्या. खलाशांपैकी बहुतेकांचा स्वतःचा थोडाफार माल बरोबर असे, त्यामुळे तेही लहानसे व्यापारीच. मात्र काही जण कर्ज फेडण्यासाठी कप्तानाकडे बांधले गेलेले होते, तेही सरकारी हुकमाने. या स्वस्त भाड्यात त्यांच्या बांधलेपणाचा वाटा होता, हे आपण विसरू नये.

त्या गलबतावर वेळ कशी मोजत? एका बादलीत पाणी, त्यावर तरंगणारी नारळाची अर्धी करवंटी, करवंटीला अगदी बारीक भोक. तासाभराने ती भरून बुडायची. वॉलेसने आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं, तर मिनिटाचाही फरक पडेना. आपल्याकडे लग्नात गुरुजी घटिकापात्र मांडत, तेच हे. आपलं चोवीस मिनिटांचं, त्यांचं तासाचं. मला हा तपशील फार आवडतो, म्हणून सांगितला.

आरूला पोचल्यावर पैसे होते, लहान होड्या होत्या, तरी आत जाता येईना. समुद्रचाच्यांची धाड आली होती, आणि किनाऱ्याने होडी हाकायला कुणी तयार होईना. दोन महिने तो डोबो गावातच बसून राहिला. तरीही जुलैत परतला तेव्हा नऊ हजारांवर नमुने बरोबर होते, सुमारे १,६०० जातींचे.

आता दुसरी बाजू. १८६० मध्ये वॉलेसने ठरवलं की दुसऱ्याच्या मर्जीवर राहायचं नाही, आपली होडी घ्यायची. गोराम बेटावर त्याने एक लहान प्राऊ विकत घेतली. के बेटांचे सुतार लावून ती सजवली, स्वतःही हत्यार धरलं. के बेटांचे लोक खिळ्याशिवाय फळ्या जोडत, आणि त्या सांध्यांची त्याने तोंड भरून स्तुती केली आहे. होडी स्वतःची झाली. पण खलाशी? ते काही विकत मिळत नाहीत. सेरामच्या किनाऱ्याला लागल्यावर एका सकाळी पाहतो तर सगळे खलाशी पळालेले.

का पळाले? वॉलेसचं उत्तर प्रांजळ आहे. मी त्यांना चांगलं वागवलं, मागतील ते दिलं, असं तो सांगतो. एका अफूबाज म्हाताऱ्याने त्यांना फितवलं असावं, असा त्याला संशय आहे. पण त्याच्या मते मूळ कारण वेगळं: युरोपियन मालकाच्या हाताखाली राहायची त्यांना सवय नव्हती, आणि हा आपलं पुढे काय करणार याची एक अस्पष्ट धास्ती होती. हे वाचताना मी नेहमी थांबतो. एक माणूस कुठल्याशा मुलखातून येतो, किडे टोचून ठेवतो, पक्ष्यांची कातडी सोलतो, आणि दूरच्या बेटांवर चला म्हणतो. त्या जागी तुम्ही-आम्ही काय केलं असतं?

नवे खलाशी घेऊन तो पुढे गेला. मिसूल बेटावर त्याचा मदतनीस चार्ल्स अ‍ॅलन तांदळाची वाट पाहत होता. प्रवाहाने होडी भलतीकडे नेली, मिसूल हुकलं. वाटेत एका निर्जन बेटावर दोघे जण उतरले असताना नांगर निसटला, होडी वाहत गेली आणि ते दोघे मागेच राहिले. वैगिऊला पोचल्यावर वॉलेसने त्यांच्यासाठी तिथल्या लोकांची होडी पाठवली. खराब हवेने ती परत आली. पुन्हा पाठवली. महिनाभराने ते दोघे जिवंत सापडले. मुळं, कोवळे देठ, शिंपले, कासवाची अंडी खाऊन तगले होते. अनोळखी माणसांसाठी दुसऱ्यांदा त्या समुद्रात गेले ते वैगिऊचे लोक.

वैगिऊला तो आला होता लाल स्वर्गपक्ष्यासाठी. पक्षी पकडणाऱ्यांना त्याने कुऱ्हाडी, कापड वगैरे देऊन ठेवलं; आपल्या भाषेत उचल दिली. अनोळखी मुलूख, कागद नाही, जामीन नाही. एकाला पुरेसे पक्षी मिळाले नाहीत, तर त्याने घेतलेली कुऱ्हाड आणून परत केली. दुसऱ्याने सहा पक्ष्यांची उचल घेतली होती. पाचवा दिला आणि सहाव्यासाठी तो पुन्हा रानात गेला. निघायचा दिवस आला, होडी भरली, वॉलेसने त्याची आशा सोडली, आणि हा पक्षी उंच धरून धावत किनाऱ्यावर आला. आता माझ्याकडे तुमचं काही देणं राहिलं नाही, असं त्याने समाधानाने सांगितलं. एकूण चोवीस पक्षी मिळाले. त्या नमुन्यांना पुरावा म्हणायचं, तर त्या पुराव्यात या माणसाचा शब्दही धरायला हवा.

परतीचा प्रवास बारा दिवसांचा, झाला अडतीस दिवसांचा. या सगळ्या फेरीत दहा वेळा होडी खडकाला लागली, चार नांगर गेले, शिडं उंदरांनी खाल्ली, मागची छोटी होडी हरवली. होकायंत्राच्या दिव्याला तेल नव्हतं, कारण वैगिऊत थेंबभर तेल मिळालं नाही. अठ्ठ्याहत्तर दिवसांत एकदाही वारा अनुकूल नव्हता, आणि हा म्हणे सोयीचा हंगाम! ५ नोव्हेंबर १८६० ला तो तेर्नातेला पोचला.

आणि मिसूल? तांदूळ न मिळाल्यामुळे अ‍ॅलनला ऐन हंगामात काम सोडून वाहाईला परत जावं लागलं. मिसूलचा संग्रह अपुरा राहिला. पुढे वॉलेसने बेटाबेटांवरच्या जातींची तुलना केली, तेव्हा एखादी जात मिसूलच्या यादीत नसेल तर त्याचे दोन अर्थ संभवत होते. ती तिथे नाही, किंवा त्या आठवड्यात प्रवाह उलटा होता.