वाशिमची मध्यरेषा, ग्रीनिचची नोकरी आणि आपला मोबाइल

आजचा धागा वाशिमपासून. तेथील मध्यमेश्वर मंदिर प्राचीन भारतीय मध्यरेषेवर उभे आहे, असे सांगतात. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीया’त या रेषेवरील नगरे दिली, त्यांत वत्सगुल्म आहे, वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. उज्जैनही त्याच रेषेवर मानले जाई. प्रत्यक्षात दोन्ही गावांच्या स्थानिक वेळेत पाच मिनिटांहून अधिक अंतर आहे. त्यापायी कोणाची वृत्ती बुडाल्याचे ऐकिवात नाही!

ग्रीनिचच्या मध्यरेषेवर मात्र १७९६ मध्ये डेव्हिड किनब्रुक या साहाय्यकाची नोकरी गेली. डोळ्याने दुर्बिणीतील तारेपलीकडे सरकणारा तारा पाहायचा आणि त्याच वेळी कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे, असे ते काम होते. राजज्योतिषी मॅस्केलाइन यांच्यापेक्षा त्याच्या नोंदी ०.८ सेकंदाने मागे पडत. पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी दाखवले की, निष्णात निरीक्षकांतही असा फरक असतोच. अवधान एकाच क्षणी दोहोंकडे सारखे जात नाही.

यातूनच प्रतिक्रियाकाल मोजण्याचे शास्त्र वाढले. मायकेल पोस्नर यांच्या प्रयोगात पडद्यावर आधी खूण दिसते, मग लक्ष्य. खूण योग्य जागी असेल तर बोट लवकर चालते. चुकीच्या जागी असेल तर उशिरा. २०१३ मध्ये क्रम्प, मॅकडॉनेल आणि गुरेकिस यांनी असे अनेक प्रयोग इंटरनेटवरून करून पाहिले आणि बहुतेक प्रयोगशाळेसारखेच निघाले. अतिशय अल्पकाळ चमकणाऱ्या चिन्हांचा प्रयोग मात्र फसला.

मंद नेटवर्कची भीती येथे बहुधा अनाठायी. प्रयोग आधी उतरवून घेतला जातो आणि वेळ सहभागी व्यक्तीच्याच ब्राउझरमध्ये मोजली जाते. खरी अडचण यंत्राची आहे. सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर सुमारे १७ मिलिसेकंदांपेक्षा कमी काळ काही दाखवता येत नाही. स्पर्शाची नोंदही प्रत्येक मोबाइलवर निराळ्या विलंबाने होते. एकाच व्यक्तीच्या दोन वेळांची वजाबाकी केली की ठरावीक विलंब निघून जातो. पण दोन गटांचा निव्वळ वेग ताडून पाहिला, तर तो तसाच राहतो. मग मानोऱ्यातील विद्यार्थ्याच्या स्वस्त मोबाइलचा संथपणा त्याच्याच नावावर लिहिला जाईल. किनब्रुक आणि मॅस्केलाइन निदान एकाच दुर्बिणीतून पाहत होते.