सुंदरीच्या गावातून सॅक्सोफोनकडे

सोलापूरकराला सनई नवी नाही. सनईहून लहान, टिपेच्या सुराची ‘सुंदरी’ तर आपल्याच गावच्या जाधव घराण्याने मैफलीत नेली. या वाद्यांची भोके उघडी असतात; बोट हळूच सरकवले की मींड निघते. सॅक्सोफोनला मात्र चाव्या असतात, सूर सुटे सुटे येतात. मग त्यावर राग वाजवायचा कसा?

गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी हा प्रश्न अंगावर घेतला. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. तिथले वादक मुंबईत रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत, दिवसा हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला बसत. ब्राझ याच परंपरेतले. कोलकात्याच्या ‘ब्लू फॉक्स’मध्येही ते लुई बँक्स यांच्यासोबत वाजवत. ओठांचा दाब आणि श्वास यांनी सॅक्सोफोनचा सूर वाकवता येतो. त्याच बळावर त्यांनी रागाची चाल जॅझमध्ये आणली. १९७० साली त्यांची ‘रागा रॉक’ ही तबकडी निघाली. १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरू लागली आणि अशा प्रयोगांना मोठे व्यासपीठ मिळाले. १९८०च्या यात्रेत कद्री गोपालनाथ यांचे कर्नाटक शैलीचे सॅक्सोफोनवादन ऐकून अमेरिकेचे जॉन हँडी त्यांच्या साथीला उभे राहिले.

चित्रपटांच्या तबकड्यांवर वादकांची नावे क्वचितच छापली जात. आपण स्नेहसंमेलनात त्याच सुरांवर नाचलो, पण वाजवणारे अनोळखीच राहिले. सर रोज आपली नावे पुकारत. आज या वादकांचीही एकदा हजेरी घेऊ या.