पान्याचा पीळ आणि बोल्टाचा ताण

पोलादी पुलांच्या इतिहासात रिव्हेट मागे पडला आणि बोल्ट पुढे आला, ही घटना वरवर साधी वाटते. तिच्या पोटात मात्र एक चिवट गैरसमज दडलेला आहे. तापवून लाल केलेला रिव्हेट निवताना आपोआप आकसतो व पत्रे आवळतो. बोल्टाकडून तेच काम पान्याने करवून घ्यावे लागते. उच्चबलाचा बोल्ट पुरेसा ताणला तर पत्रे निव्वळ परस्परघर्षणाच्या जोरावर जागच्या जागी राहतात, हे इंग्लंडात बाथो आणि बेटमन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. पुढे अमेरिकेत १९४७ साली याच विषयासाठी संशोधन परिषद स्थापन झाली आणि तिच्या १९५१ च्या पहिल्या नियमावलीने रिव्हेटाच्या जागी बोल्टाला मान्यता दिली.

प्रश्न उरला तो ताण मोजण्याचा. ताण डोळ्यांना दिसत नाही. पान्यावरचा पीळ मात्र मोजता येतो. पीळ म्हणजेच ताण, असे मानण्याचा मोह तेथून सुरू झाला. वस्तुतः दिलेल्या पिळापैकी सुमारे निम्मा भाग नटाखालच्या घर्षणात व सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात खर्ची पडतो. ताणाच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा येतो! सारा हिशेब असा पृष्ठभागाच्या, म्हणजे त्यावरील मुलाम्याच्या, हाती जातो.

२० मिलिमीटर व्यासाच्या उच्चबल बोल्टात १४२ किलोन्यूटन ताण हवा आहे, असे समजू. घर्षणगुणांक, व्यास व ताण यांचा गुणाकार म्हणजे पीळ. गुणांक ०.२० धरला तर ५६८ न्यूटन-मीटर पीळ लागतो. जस्ताच्या कोरड्या, खरबरीत मुलाम्यामुळे गुणांक ०.३० झाला, तर त्याच पिळाने ताण ९५ किलोन्यूटनवरच थांबतो. वंगणाने तो ०.१५ वर उतरला, तर ताण १८९ पर्यंत चढतो. आणि बोल्टाची किमान भंगमर्यादा आहे सुमारे २०३. पान्यावरचा आकडा मात्र तिन्ही वेळा एकच!

म्हणूनच कॅडमियमचा गुळगुळीत मुलामा विषारी ठरून जेथे बदलावा लागला, तेथे पिळाचे जुने तक्ते निरुपयोगी झाले. परिषदेनेही १९८० मध्ये पिळावर विसंबणारी पद्धत नियमावलीतून काढली. १९८५ मध्ये ती परत आली, ती पान्याची रोज पडताळणी व कठीण वॉशर यांच्या अटींसह. जस्त चढवलेल्या उच्चबल नटांच्या वंगणात तर रंग मिसळण्याची अट अमेरिकी मानकात आहे. वंगण लावले आहे की नाही, हे तपासनिसाला पाना हाती घेण्यापूर्वीच दिसावे, म्हणून.